सोहळा झाला, सामना कधी?

एखादा नामांकित फुटबॉलपटू नव्या क्लबात दाखल झाला, स्टेडियम भरलं, फटाके उडाले, त्याने जर्सीवरच्या बिल्ल्याचं चुंबन घेतलं, की पुण्यात दोन-चार दिवस एक वाद हमखास रंगतो. जुलै २०२४ मध्ये किलियन एम्बापे रेआल माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमवर ऐंशी हजार लोकांसमोर उभा राहिला तेव्हा तो रंगला होता. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी भारतात येऊन गेला तेव्हा पुन्हा रंगला, आणि कोलकात्यात खुर्च्या मोडल्यावर तर हमरीतुमरीवर आला. एका बाजूला साठी ओलांडलेली, क्रिकेटवर पोसलेली मंडळी. त्यांचं म्हणणं, ‘अजून एक गोल मारलेला नाही आणि आरत्या सुरू? एवढ्या पैशांत काय काय झालं असतं!’ दुसऱ्या बाजूला त्यांचीच मुलं आणि पुतणे, चॅम्पियन्स लीगसाठी रात्रीचा दीड वाजवणारे. त्यांचं उत्तर, ‘काका, हा बिझनेस आहे. जर्सी विकूनच सगळे पैसे वसूल होतात.’ म्हणजे भांडतात दोघेही पैशावरून. एकाला तो उधळलेला दिसतो, दुसऱ्याला गुंतवलेला, आणि ज्याच्यासाठी हा घाट घातला तो स्टँडमधला माणूस दोघांच्याही हिशेबात कुठेच नसतो. पहिल्यांच्या लेखी तो खुळा, दुसऱ्यांच्या लेखी गिऱ्हाईक.

मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. सोहळा किती खर्चिक होता हा प्रश्न दुय्यम आहे. त्या सोहळ्यामुळे खेळाडू आणि क्लब प्रेक्षकांचे देणेकरी झाले का, आणि ते देणं वसूल करायला प्रेक्षकांच्या हाती पुढे काही उरतं का, एवढंच पाहायला हवं. उरत असेल तर डामडौल मला चालतो. उरत नसेल तर अगदी साधा हारतुऱ्याचा कार्यक्रमही लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकणारा असू शकतो.

आधी पुतण्यांचा मुद्दा निकालात काढू, कारण तो सोपा आहे. जर्सी विकून खेळाडूची किंमत वसूल होते ही दंतकथा आहे. जर्सी बनवून विकणारी कंपनी विक्रीतला मोठा वाटा स्वतःकडे ठेवते. क्लबच्या हाती साधारणपणे दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास रॉयल्टी येते. पुण्यातल्या चाहत्यांबद्दल तर बोलायलाच नको, कारण आपल्यातले निम्मे-अधिक कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून ‘फर्स्ट कॉपी’ घेतात आणि त्यातला एक रुपयाही माद्रिदला पोचत नाही. शिवाय सोहळ्याचं समर्थन धंद्याच्या तराजूवर केलं की उद्या धंदा बुडाला की समर्थनही बुडतं. एदन अझारचंच पाहा. २०१९ च्या जूनमध्ये त्याच्या स्वागताला पन्नासेक हजार लोक बर्नाबेऊवर जमले होते. त्याच्यावर क्लबने शंभर दशलक्ष युरोंच्या वर रक्कम ओतली होती. चार हंगामांत तो ७६ सामने खेळला आणि त्याचे गोल झाले सात. मग त्या दिवशी टाळ्या वाजवणारे पन्नास हजार लोक चुकले होते का? धंद्याच्या भाषेत हो. पण ते धंदा करायला आलेच नव्हते.

काकांचा मुद्दा मात्र इतक्या सहज उडवून लावता येत नाही. किंबहुना त्यांना माहीत आहे त्यापेक्षा तो मजबूत आहे. ६ जुलै २००९ ला क्रिस्तियानो रोनाल्डोला पाहायला बर्नाबेऊवर ऐंशी हजार लोक लोटले. प्रवेश फुकट होता, मंचावर दि स्तेफानो आणि युसेबिओ हे जुन्या जमान्यातले दिग्गज बसले होते. त्या वेळी स्पेन मंदीत रुतला होता आणि काम करू शकणाऱ्या दर सहा माणसांमागे एकाहून अधिक बेकार होता. रोनाल्डो आणि ब्राझीलचा काका (आपले वादातले काका नव्हेत, त्या नावाचा खेळाडू) यांच्या खरेदीसाठी रेआलने कर्ज काढलं. कर्ज देणाऱ्यांत काहा माद्रिद ही बचत बँक होती, म्हणजे सामान्य माद्रिदकरांच्या ठेवी जिच्याकडे असायच्या अशी. पुढे हीच बँक बँकिया नावाच्या नव्या बँकेत विलीन झाली आणि २०१२ मध्ये बँकियाला बुडण्यापासून वाचवायला सरकारी तिजोरी उघडावी लागली. रोनाल्डोच्या कर्जाने ती बँक बुडाली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल, तिला बुडवलं बांधकामाच्या फुग्याने. पण तारेतारकांना कर्ज देताना सढळ असणारा हात घरं बांधणाऱ्यांना देतानाही तितकाच सढळ होता, एवढं तर दिसतंच. तिकडे बार्सिलोनाने सोहळ्यांमागून सोहळे केले आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्लबवर १.३५ अब्ज युरोंचं कर्ज असल्याचं अध्यक्षांनीच जाहीर केलं. ज्या मेस्सीला त्यांनी लहानपणापासून वाढवलं, त्याला रडत रडत क्लब सोडावा लागला. डामडौलाविरुद्ध याहून चांगला पुरावा कुठला हवा?

तरीही हा पुरावा नेमका कशाविरुद्ध आहे ते पाहा. कर्जाच्या कागदावर सही करणाऱ्यांविरुद्ध, बँकेवर लक्ष न ठेवणाऱ्यांविरुद्ध. स्टँडमध्ये जाऊन बसलेल्या माणसाने कर्ज घेतलं नव्हतं, दिलंही नव्हतं. आपल्याकडे मराठी रंगभूमीच्या इतिहासात हा पेच आधीच येऊन गेला आहे. गंधर्व नाटक मंडळीचा थाट, भरजरी शालू, मखमली पडदे, अत्तराचा घमघमाट, हे सगळं त्या काळातही लोकांच्या डोळ्यांत खुपत होतं, आणि कंपनी कर्जात बुडाली तेव्हा ‘आम्ही सांगतच होतो’ म्हणणारे होतेच. पण त्याच कंपनीने तबल्याला थिरकवाँसाहेबांना आणि सारंगीला कादरबक्षांना बसवलं होतं. तोही खर्चच होता. मराठी कान तयार होण्यात त्या खर्चाचा वाटा किती, हे कुठल्या खतावणीत लिहायचं? आणि १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एकत्र उभे राहिले, तेव्हा लोकांनी जबर पैसे मोजून ती जोडी पाहिली. त्या प्रेक्षकांना आज कुणी उधळे म्हणत नाही, कारण पैसा कुठे जातो हे त्यांना ठाऊक होतं. थाट तोच, माणसं तीच. तेव्हा काकांनी जरूर विचारावं, पण ‘किती उडवले’ हे विचारण्याआधी ‘कुणाचे, आणि कशावर’ हे विचारावं. गालिच्यावर उडवले की थिरकवांवर, यात फरक आहे.

दुसरा आक्षेप जास्त मराठी आहे, आणि मला स्वतःला तो जवळचा वाटतो: आधी करून दाखवावं, मग मिरवावं. १९५२ साली हेलसिंकीहून खाशाबा जाधव कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन परतले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. तो सोहळा पदकानंतरचा. पदकाआधी काय होतं? प्रवासाला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या मनातला आदर्श क्रम हाच आहे: गुपचूप कष्ट, मग यश, मग गुलाल. त्या मापाने, मैदानावर पाऊल टाकण्याआधीच चेंडू हातात घेऊन हात हलवणारा तरुण उथळ वाटणारच.

मात्र या क्रमात एक खोच आहे, ती आपण पाहत नाही. खाशाबांसाठी बैलगाड्या जुंपणाऱ्या लोकांनी पदकाआधी त्यांच्यासाठी काय केलं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. यशानंतरच्या मिरवणुकीत सामील होणं फार स्वस्त असतं. त्यात काही गमवायचं नसतं. यशाआधी जो येतो तो धोका पत्करतो. त्याचा विश्वास फोल ठरू शकतो, त्याचं हसं होऊ शकतं. खर्डेकरांनी जे घर गहाण टाकून केलं, त्याची अगदी पुसट, फुकट्या तिकिटाची का होईना, पण त्याच जातीची कृती बर्नाबेऊवर जाऊन बसणारा करतो: अजून काही झालेलं नसताना तो शब्द देतो आणि शब्द घेतो. आपणही बारसं करतोच की. ज्या बाळाने आयुष्यात अजून काहीही करून दाखवलेलं नाही त्याच्यासाठी गाव जेवू घालतो, आणि त्याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या बाळाला वाढवायला घर आहे हे सगळ्यांना दिसत असतं. बारसं थाटात करून बाळ रस्त्यावर सोडलं तर मात्र तोच थाट किळसवाणा वाटेल.

म्हणून आधी बघायचं ते घर. रेआल माद्रिद हा सभासदांचा क्लब आहे, मालकाचा नव्हे. अध्यक्ष निवडून येतो. २००० साली फ्लोरेन्तिनो पेरेझ निवडणुकीला उभे राहिले ते लुईस फिगोला बार्सिलोनाहून आणण्याचं आश्वासन देऊन, आणि आणला नाही तर सभासदांची वर्गणी स्वतः भरीन असा शब्द देऊन. ते जिंकले, फिगो आला. आपल्याकडच्या निवडणुकीतली आश्वासनं आठवली तर यातला मासलेवाईकपणा लक्षात येईल: इथे आश्वासन हाडामांसाचं होऊन पंधरा दिवसांत पांढऱ्या जर्सीत उभं राहिलं. त्या स्टेडियममध्ये स्वागताला जमणारे लोकच पुढे तिथे शिट्ट्या मारतात. बर्नाबेऊच्या शिट्टीतून कुणी सुटलेलं नाही. कासियास सुटला नाही, बेल सुटला नाही, ज्याने ४३८ सामन्यांत ४५० गोल केले तो रोनाल्डोसुद्धा सुटला नाही. राग अध्यक्षांवर असेल तर लोक पांढरे रुमाल काढून फडकवतात. एम्बापेने स्वागताच्या दिवशी रोनाल्डोसारखंच ‘एक, दोन, तीन’ मोजून लोकांकडून घोषणा वदवून घेतली, आणि पहिल्या हंगामात स्पॅनिश लीगमध्ये ३१ गोलही केले. पण ना लीग हाती लागली ना चॅम्पियन्स लीग. चॅम्पियन्स लीग नेमकी त्याने सोडलेल्या पॅरिसच्या क्लबने जिंकली, अंतिम सामन्यात ५-० ने. मग बर्नाबेऊवरून प्रश्न विचारले जाऊ लागले. त्यात कृतघ्नता कसली? स्वागताच्या दिवशी जे उधार दिलं होतं त्याची ही वसुली होती.

नेपल्सची गोष्ट याहून टोकाची. ५ जुलै १९८४ ला दिएगो मॅराडोना सान पाओलो स्टेडियमवर आला तेव्हा सत्तर हजारांवर लोक तिकीट काढून त्याला नुसतं पाहायला आले होते. शहर गरीब, त्यात १९८० च्या भूकंपाच्या जखमा ओल्या, आणि क्लब आधीच्या हंगामात खालच्या श्रेणीत जाता जाता वाचलेला. जगातली तोवरची सर्वांत मोठी रक्कम अशा शहरातल्या क्लबने मोजावी हा वेडेपणाच होता. पहिल्याच पत्रकार परिषदेत एका पत्रकाराने या पैशात कमोराचा, म्हणजे तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांचा हात आहे का, असं विचारलं आणि क्लबचे अध्यक्ष भडकले. प्रश्न गैर नव्हता. मॅराडोनाचं त्या शहरातलं पुढचं आयुष्य कोकेन आणि टोळीवाल्यांच्या संगतीत कसं नासलं ते जगजाहीर आहे. त्यामुळे तो सोहळा शुचिर्भूत होता असं मी म्हणणार नाही. पण १९८७ आणि १९९० साली नापोलीने इटलीची लीग जिंकली. उत्तरेकडची श्रीमंत शहरं ज्या नेपल्सला स्टेडियमवर फलक लावून ‘आंघोळ करा’ म्हणून हिणवत, त्या नेपल्सने. १९८४ च्या त्या दुपारी तिकीट काढून आलेल्यांना यातलं काहीही माहीत नव्हतं. म्हणूनच त्यांच्या येण्याला मोल आहे.

आता नेमारकडे बघू, कारण एकाच माणसाची तीन स्वागतं शेजारी शेजारी ठेवता येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसने २२२ दशलक्ष युरो मोजून त्याला आणलं, आयफेल टॉवरवर रोषणाई केली. ऑगस्ट २०२३ मध्ये रियाधमध्ये अल हिलालने ड्रोन आणि आतषबाजीने आकाश उजळवलं. त्या क्लबचा मोठा हिस्सा नुकताच सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने घेतला होता. दुखापतीमुळे तिथे तो फक्त सात सामने खेळला. जानेवारी २०२५ च्या शेवटी तो ब्राझीलमध्ये, लहानपणच्या सान्तोसमध्ये परतला. छोटं, जुनं स्टेडियम, वीसेक हजार लोक आणि भर पावसात ओलाचिंब झालेला नेमार. दुखापती त्याला रियाधमध्ये होत्या तशा सान्तोसमध्येही होत्या, त्यामुळे खेळाच्या हिशेबात फार फरक पडला असं नाही. पण रियाधच्या प्रेक्षकाने ‘आमचे पैसे गेले’ म्हणून कुणाला जाब विचारायचा? पैसे त्याचे नव्हतेच, निर्णयही त्याचा नव्हता. तो त्या चित्रातली गर्दी होता. उलट पॅरिसमधले कडवे पाठीराखे २०२३ मध्ये नेमारच्या घरासमोर जाऊन त्याच्या नावाने ओरडले. ते असभ्य होतं, कुणाच्या दारात जाऊन तमाशा करू नये हे मलाही मान्य. पण पाठीराख्यांना बोलायची जागा क्लबने ठेवली नाही की ते दारात येतात.

हे सगळं परदेशातलं झालं. कोलकात्याच्या एकाच शहरात मात्र माझा सगळा युक्तिवाद उभा आहे, आणि डिसेंबरनंतर त्याकडे ज्या उथळपणे पाहिलं गेलं त्याचं मला आश्चर्य वाटतं. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसबरोबर तिथे आला. ईडन गार्डन्सवर चिखल होता, पेलेची कारकीर्द संपत आलेली होती, आणि मोहन बागानने सामना २-२ असा बरोबरीत सोडवला. बंगाली माणूस ही बरोबरी आजही विजयासारखी सांगतो. सप्टेंबर २०११ मध्ये मेस्सी अर्जेंटिनाचा कर्णधार म्हणून सॉल्ट लेकच्या मैदानावर व्हेनेझुएलाविरुद्ध खेळला. सामना मैत्रीपूर्ण, निकाल १-०, गोलही मेस्सीचा नव्हता, ओतामेंदीचा. लोक तृप्त होऊन घरी गेले. १३ डिसेंबर २०२५ ला तोच मेस्सी, आता विश्वविजेता, त्याच मैदानावर आला. वीसेक मिनिटं होता, भोवती पुढाऱ्यांचं आणि बड्या पाहुण्यांचं कडं. हजारो रुपये मोजून आलेल्यांना तो दिसलाच नाही. मग बाटल्या उडाल्या, खुर्च्या उखडल्या गेल्या, लोक मैदानात घुसले, मुख्यमंत्र्यांना माफी मागावी लागली, आयोजकाला अटक झाली.

पुण्यातल्या दोन्ही बाजूंनी याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. काका म्हणाले, बघा, व्यक्तिपूजेचा शेवट. पुतणे म्हणाले, बंगालमधलं ढिसाळ नियोजन, दुसऱ्या दिवशी वानखेडेवर बघा कसं व्यवस्थित झालं. नियोजनाचा मुद्दा खरा आहे, वानखेडेवरचा कार्यक्रम नीट पार पडला. पण जे शहर १९७७ मध्ये आणि २०११ मध्ये व्यक्तिपूजा करूनही शांतपणे घरी गेलं, ते २०२५ मध्येच का पिसाळलं? कोलकात्याचा माणूस तर बदलला नव्हता. त्या दोन्ही वेळी सामना होता. नव्वद मिनिटं होती, ज्यात मोठ्यातला मोठा खेळाडूही घसरू शकतो, चुकू शकतो, मोहन बागानकडून बरोबरी पत्करू शकतो. प्रेक्षकाला त्यात काम असतं: ओरडणं, चुकचुकणं, निकाल देणं. २०२५ मध्ये त्याला काही कामच नव्हतं. पाहायचं होतं, तेही पाहू दिलं नाही. उद्या पुन्हा येईन आणि शिट्टी मारीन असं म्हणायलाही वाव नव्हता, कारण उद्या विमान हैदराबादहून पुढे मुंबईला जाणार होतं. खुर्ची मोडणाऱ्याचं मी समर्थन करत नाही. मोडलेली खुर्ची सार्वजनिक पैशाची असते. पण राग व्यक्त करायचे सभ्य मार्ग ज्या कार्यक्रमात जन्मतःच नसतात, त्या कार्यक्रमाने सभ्यतेची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आणि वानखेडे? तिथे १३ वर्षांखालच्या मुलामुलींना हेरून घडवण्याची ‘महादेवा’ योजना जाहीर झाली, मुलं मेस्सीबरोबर मैदानात उतरली, हे चांगलंच झालं. त्या मुलांचं काय होतं ते पाच-सात वर्षांनी कळेल आणि तेव्हा विचारायला आपण असलं पाहिजे. पण त्याच डिसेंबरमध्ये देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग कधी सुरू होणार याची तारीख ठरलेली नव्हती. लीग चालवण्याचा करार संपलेला, नव्या निविदेला कुणी बोली लावलेली नाही, खेळाडूंच्या पगारांवर टांगती तलवार. म्हणजे जगातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या स्वागतासाठी चार शहरं दिवे लावून बसलेली आणि घरच्या खेळाडूला सामना कधी हे माहीत नाही. काकांनी उधळपट्टी म्हणून बोट दाखवायचंच असेल तर ते आतषबाजीकडे न दाखवता या विसंगतीकडे दाखवावं.

पुण्याला तर हा विषय परका वाटायचं कारणच नाही. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी एफसी पुणे सिटी आली, तिच्यासाठी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे बालेवाडीत आला. त्याच सुमाराला भारत एफसी नावाचा तिसरा व्यावसायिक क्लबही शहरात होता, तो एका हंगामात गुंडाळला गेला. २०१५ मध्ये पुणे एफसी बंद झाला. शिवाजीयन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळले आणि दिसेनासे झाले. पुणे सिटीने २०१६ मध्ये आइसलँडच्या आयडुर गुडयोनसेनचं नाव गाजवलं, पण दुखापतीमुळे तो एकही सामना खेळला नाही. २०१७-१८ मध्ये संघ उपांत्य फेरीत पोचला, शहरात खरोखरच थोडी हवा तयार झाली, आणि २०१९ मध्ये क्लबच संपला. त्याची जागा हैदराबादला गेली. क्रिकेटमध्येही तेच. २०१० मध्ये आयपीएलची तोवरची सर्वांत महाग फ्रँचायझी पुण्याच्या नावावर, ३७० दशलक्ष डॉलर्सना, विकली गेली. २०१३ नंतर ती उरली नाही. संघ उभे करताना या शहरात नेहमी ढोल वाजले. बंद करताना एक पत्रक निघालं, कधी तेही नाही.

म्हणून ‘पुण्यातल्या पोरांना माद्रिदचं वेड, इथल्या मैदानावर कुणी फिरकत नाही’ हा टोमणा मी ऐकून घेतो, पण पुरता मान्य करत नाही. कॅम्पातल्या धोबी घाटावर किंवा एसएसपीएमएसच्या मैदानावर जिल्हा लीगचे सामने मूठभर लोकांसमोर होतात हे खरं. पण दहा-बारा वर्षांत चार क्लब ज्याच्या पायाखालून काढून घेतले गेले, तो पाचव्यासाठी जीव टाकेल का? बालेवाडीच्या स्टँडमधला माणूस पळून गेलेला नाही, मालक गेले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आजही पाटाकडील आणि दिलबहारच्या सामन्याला गर्दी उसळते. तिथे हाणामाऱ्याही होतात, त्याचं कौतुक नको. पण तिथला संघ तालमीचा, पेठेचा आहे. तो कुणी हैदराबादला नेऊ शकत नाही. खेळाडू खराब खेळला तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या दुकानात त्याला तोंड द्यावंच लागतं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो याच मातीतून.

माझ्या कसोटीवर पुण्यातला माद्रिदचा चाहता मात्र अडचणीत येतो, हे कबूल करायला हवं. तो सभासद नाही, त्याची शिट्टी बर्नाबेऊपर्यंत पोचत नाही, अध्यक्षाच्या निवडणुकीत त्याला मत नाही. मग त्याच्या आनंदाला अर्थ काय? मला वाटतं, त्याच्याकडे किमान पुढचा सामना आहे. स्वागत पाहून तो झोपी जात नाही. पुढचे नऊ महिने तो त्या खेळाडूचा प्रत्येक पास मोजतो, अझारवर त्याने चार वर्षं जो संताप काढला तो कुठल्याही माद्रिदकराच्या तोडीचा होता. तो दूरचा आहे, दुबळा आहे, पण बेसावध नाही. त्याला खुळा म्हणण्याआधी काकांनी त्याच्याशी अर्धा तास डावपेचांवर बोलून पाहावं. (तयारीने बसावं.)

जर्मनीत १९९८ पासून, काही अपवाद सोडले तर, क्लबमधली मतांची बहुसंख्या सभासदांकडेच राहिली पाहिजे असा नियम आहे. तो निर्दोष नाही, पळवाटा काढणारे तिथेही आहेत. पण तिथे क्लब एका रात्रीत दुसऱ्या शहरात जात नाही. पुण्यात पुन्हा कधी व्यावसायिक फुटबॉल क्लब येईल, आणि आज ना उद्या कुणीतरी तो आणेलच, तेव्हा आपली घासाघीस खेळाडूच्या नावावर व्हायला नको. मैदानाचा करार किती वर्षांचा, बंद करायचा झाला तर नाव, रंग आणि मुलांची अकादमी कुणाकडे राहणार, पाठीराख्यांचा एक तरी प्रतिनिधी मंडळावर बसणार का, हे आधी लेखी घ्यावं. तेवढं झालं तर मालकाने आपल्या ताऱ्याला बालेवाडीत खुशाल हेलिकॉप्टरने उतरवावं, वरून झेंडूची फुलं टाकावीत, लेझीम नाचवावं. माझी काहीच हरकत नाही. आवाजाची तक्रार बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्या करतीलच.